केळीच्या पानावर

राही सुइणीने तेलाचा हात बाळाच्या मांडीवरून खाली ओढला आणि कातडी तिच्या बोटांबरोबर निघून आली.

"अगो बाय माझे!"

पोर ओरडलं. बाजेवरची सगुणा कोपरावर उठली.

"ग्रहणात काय चिरलंस गो? खरं सांग," राहीने तिला दरडावलं.

"काय नाय. नुसती निजलेली."

"मग हे काय आभाळातनं पडलं?"

जन्मलेलं पोर रगडायचं, एवढंच राहीला ठाऊक. तिने पुन्हा तेलात बोटं बुडवली.

"राही, हात लावू नको. ऊठ."

दारात यमुनाबाई होती. सगुणेची सासू, आणि लग्नाआधीपासूनची सख्खी आत्या. तिने पोराकडे एकदाच पाहिलं. किंचाळली नाही. सगुणेला नेमकं तेच खुपलं.

राही तणतणत ओटीवर गेली. यमुनाबाईने परसातून केळीचं कोवळं पान आणलं, चुलीवर शेकून गार केलं, वर खोबरेल सोडलं. पोराला बगलेत न धरता मान आणि ढुंगण तळव्यांवर तोलून तिने त्यावर अलगद सरकवलं. टाचेवर फोड टरारला होता; सुई तापवून टोचला, पाणी काढलं, वरची साल तशीच राहू दिली. हात कुठे अडला नाही.

"आत्ये, किती जणांना असं निजवलंस?"

यमुनाबाई पानाची कड सारखी करत राहिली.

"माझ्याच दोघांना. तुझ्या काशीरामच्या आधी."

"माझ्या बापाला ठाऊक होतं?"

"खड्डा त्यानंच खणला."

"तरी तू मला मागितलीस. नि त्यानं दिली."

"काशीराम धडधाकट निघाला. वाटलं, संपलं."

मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क. हा हक्क गावाने कधी सोडला नाही, पोरं मात्र जाऊ दिली.

ओटीवरून यमुनाबाईच्या धाकट्या दिराचा, धोंडूचा आवाज आला.

"वयनी, राही काय सांगते ता खरं? उद्या काशीराम बोटीनं उतरंल. ग्रहण न पाळणारी बाय तो नांदवील काय? माहेरी धाडायची तर आजच बोला."

यमुनाबाई उठली, उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. सगुणा तिच्या पाठीकडे बघत राहिली. पदर खांद्यावर दोनदा सारखा झाला.

"व्हय," यमुनाबाई म्हणाली. "ग्रहणच."

ती परतली, पुन्हा पोराशी बसायला वाकली. सगुणा बाजेवरून खाली उतरली होती. तिने तेलाची वाटी आपल्याकडे ओढली आणि पोराच्या मानेखाली तळवा सरकवला. आत्याने सरकवला होता, तसाच.

"तू बाहेर बस," ती म्हणाली.