यादीआधीचं नाव

पेंटरला एकच खोड होती, बोलण्याची. हातात ब्रश आणि तोंडात लेक. कुणाच्या दुकानाची पाटी रंगवायला गेला की तो मालकाला ऐकवायचा, आमची टिकली यंदा पहिल्या पाचांत येणार म्हणजे येणारच. ऐकणाऱ्याचे कान किटायचे, पण याचं पुराण संपायचं नाही.

टिकलीच्या शाळेतली गुणवंतांची पाटी दर वर्षी तोच रंगवायचा. शाळा यादी नेहमी आयत्या वेळी पाठवायची, म्हणून काळा रंग आणि मथळा तो आधीच उरकून ठेवी. आता या कामात सगळ्यांत लांब नाव पहिल्यांदा लिहायचं असतं, मग बाकीची अक्षरं त्या मापाने बसतात. टिकलीचं पूर्ण नाव चांगलं लांबलचक. यंदा पठ्ठ्याने यादीची वाट न बघता तेच लिहून टाकलं. मापासाठी लिहिलंय, असं त्याने बायकोला सांगितलं. ती 'बाजारात तुरी' एवढंच म्हणाली आणि आत गेली.

निकाल लागला आणि टिकली गणितात नापास झाली. ती रडली, कशीबशी जेवली आणि दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक घेऊन बसली. नापास मुलांसाठी शाळेने जादा वर्ग ठेवला होता, त्यानंतर फेरपरीक्षा. ती हुकली तर वर्ष वाया. पोरगी सावरली होती हो, बापच सावरला नव्हता. पाटीवरचं नाव वाळून घट्ट झालेलं. ते पॉलिशपेपरने घासून सपाट करायला हवं होतं, हे त्याला शिकवायला नको. पण ती अक्षरं त्याला बघवेनात. त्याने वरून काळ्या रंगाचा हात मारला, त्यावर शाळेच्या यादीतली नावं लिहिली आणि पाटी देऊन मोकळा झाला.

पाटी नेमकी खिडकीसमोर लागली. तिरपं ऊन आलं की काळ्या रंगाखालची अक्षरं उठून दिसायची, आणि मुलांना तर काय, आयतं कोलीत मिळालं. त्यांनी बोट फिरवून फिरवून ते नाव वाचलं.

टिकली घरी आली आणि दप्तर फेकून भिंतीकडे तोंड करून बसली. उद्यापासून शाळा नाही, वर्ग नाही, परीक्षाही नाही, असं तिने सांगून टाकलं. नापास काय, अर्धा वर्ग झालाय. हसं मात्र माझं एकटीचं झालं, म्हणाली. पेंटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर अक्षरं काढून पोट भरलं आणि त्याच अक्षरांनी लेकीला चारचौघांत उघडं पाडलं.

ती खरंच जाईना. आई समजावून थकली. शेवटी एका दुपारी पेंटर शिडी आणि पॉलिशपेपर घेऊन शाळेत गेला. तो शिडीवर चढला तेव्हा जादा वर्गाची मुलं तिथेच घुटमळत होती. एकाने विचारलं, "काका, खाली कुणाचं नाव आहे?"

पाटी जुनीच आहे, ही थाप त्याने येतानाच तयार ठेवली होती. ती काही त्याच्या तोंडून निघेना.

"माझ्या मुलीचं," तो म्हणाला. "यादी यायच्या आधीच मी लिहून बसलो. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. शहाणपणा माझा, आणि मान खाली घालायची तिने."

मुलं त्याच्या पाठीमागे बघत होती. त्याने वळून पाहिलं, तर दाराशी टिकली उभी, दप्तर छातीशी धरून. आईने तिला फाटकापर्यंत आणून सोडलं होतं.

तो घाईघाईने शिडीवरून उतरला. म्हणाला, "चल, मी सरांशी बोलतो. सांगतो त्यांना, पोरगी मुळात हुशार आहे, यंदा जरा..."

"नको, बाबा." तिचे कान लालबुंद झाले होते. "आता माझं कुणाला काही सांगू नका. चांगलंसुद्धा नका सांगू. मला नुसता अभ्यास करू द्या."

ती मुलांमधून वाट काढत वर्गात गेली आणि रिकामं बाक बघून बसली.

शिपायाने सगळं ऐकलं होतं. पेंटरला बरं वाटावं म्हणून त्याने विचारलं, फेरपरीक्षेत तरी पोरगी चमकणार ना? पेंटरच्या जिभेवर उत्तर आलंही. ते गिळून तो पाटी घासू लागला.