लांबून घेतलेलं माप

पोटच्या पोराचं माप कुणी असं घेतं का? म्हातारीचा जीव आठवडाभर जळत होता. नातवाचं लग्न तोंडावर आलेलं, त्यानंतर तो परगावी राहायला जाणार, आणि टेलरमास्तर म्हणवणाऱ्या तिच्या मुलाने टेपचं एक टोक त्याच्याच हातात दिलं, स्वतः हातभर लांब उभा राहिला आणि म्हणाला, "हं, गोल फीर." गिऱ्हाइकांनाही तो असाच फिरवायचा. कोट व्हायचा तोच झाला, छातीत ढगळ.

"बाबा, जवळ आलात तर चावणार नव्हतो मी," नातू आरशासमोर हसला.

त्याचा मित्र लंबू सोबत आला होता. लंबूचा संसार एका पुरुषाबरोबर, घरादाराला ठाऊक. त्याने नातवाला मागून कवेत घेतलं, खांद्यावर हनुवटी टेकली.

"यात आपण दोघं मावू रे!"

"तुझा तो जाड्याही मावेल. बोलव त्याला."

दोघं खिदळले. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मास्तर तेवढा खाली बसून टाचण्या वेचू लागला. एकही सांडली नव्हती.

म्हातारीला सगळं लख्ख आठवलं. तीस वर्षांपूर्वी याच दुकानात काजं करणारा एक कारागीर होता. मास्तर त्याच्या सदऱ्याचं माप घेत होता. माप घेऊन झालं, तरी हात तिथेच राहिले. त्यांच्यात काय होतं, ते तिने विचारलं नाही. भरल्या दुकानात तोंड सोडलं, "असले चाळे लग्न करून बायकोशी कर!" कारागीर संध्याकाळी गेला तो गेलाच. पोराला वळण लावलं म्हणून ती वर्षभर ताठ मानेने हिंडली. पुढे पोराने लग्न केलं, बाप झाला. पण लेक शाळेत जायला लागल्यावर त्याला मांडीवरही घेतलं नाही.

नातू आणि लंबू गळ्यात गळे घालून बाहेर पडले.

"परत घे त्याचं माप," म्हातारी म्हणाली. "नीट, जवळ जाऊन."

"राहू दे गं आई. अंदाजाने आवळतो."

"आवळशील! सगळा जन्म अंदाजावर काढलास. भित्रा आहेस तू. आणि तुला भित्रा मी केलं. त्या कारागिराचं काही चुकलं नव्हतं. तुझंही नाही."