तिसऱ्या मसुद्याचा टॅग

मिनल लेखनाच्या पेपरात नापास झाली. निकाल नोटीस बोर्डावर लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कुणीतरी घरगुती मेसची जाहिरातसुद्धा डकवली. पण ते जाऊ दे. असं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण ही गोष्ट सुरू होते तेव्हा जुलै होता, आणि मिनलचे पप्पा थेरगावच्या घरी बसून रोजच्या वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं काढत होते.

चिंचवडच्या त्या कॉलेजात बीएच्या तिसऱ्या वर्षाला लेखनाचा कोर्स सक्तीचा होता. पहिल्याच तासाला इंद्रायणी मॅडमनी नियमांचा कागद वाटला. नियम सतरा. हजेरी पंचाहत्तर टक्के. विषय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. नेटवरून उचललेलं सापडलं तर शून्य. लेखाचे तीन मसुदे करायचे आणि प्रत्येक मसुदा कॉलेजबाहेरच्या एका माणसानं वाचून, शेरा मारून, सही करायची. त्या माणसाला ‘प्रथम वाचक’ म्हणायचं. तिन्ही वेळा वाचक तोच हवा. बदलायचा असेल तर आधीच्या वाचकाचं ना-हरकत पत्र जोडायचं. सतरावा नियम असा, की वरील सर्व नियम विद्यार्थ्याने वाचले आहेत असे समजण्यात येईल. वर्गात बहुतेकांनी तेवढाच वाचला.

मिनलनं मात्र सगळे वाचले. तळवड्याच्या एका कंपनीनं तिला मशिनांची माहितीपुस्तकं लिहायचं काम देऊ केलं होतं. पदवी हातात आली की ये, म्हणाले होते. हा कोर्स सुटला नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर तळवडे नाही.

बाकीच्यांनी सोयीचे वाचक गाठले. कुणी वहिनी, कुणी रूममेट. विक्कीनं जिमच्या ट्रेनरला दिलं. त्यानं शेरा लिहिला, ‘वरचा भाग भरलाय, खालच्यावर मेहनत पाहिजे.’ मॅडमनी तो शेरा वर्गात वाचून दाखवला, कारण तो खरा होता.

मिनलनं पप्पांना विचारलं.

भीमराज एकतीस वर्षं चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये तपासनीस होते. पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढायचा कारखाना. तिथली रीत अशी, की शिफ्ट सुरू झाल्यावर मशिनीतून निघालेला पहिला पार्ट तपासनीसाच्या टेबलावर यायचा. तो मापून, सही करून टॅग लावेपर्यंत दुसरा पार्ट काढायचा नाही. हिरवा टॅग म्हणजे चालू द्या, पिवळा म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे भंगार. रिटायर होताना उरलेल्या टॅगचा गठ्ठा त्यांनी घरी आणला होता, तोही रीतसर गेटपास करून. ‘प्रथम वाचक’ हे शब्द कानावर पडल्यावर त्यांनी चष्मा पुसला. त्यांची प्रामाणिक समजूत झाली, की कॉलेजनं उशिरा का होईना, त्यांची पोस्ट काढली.

विषयही त्यांचाच होता. मिनल तिसरीत असताना कंपनीत नव्या लाइनचं उद्घाटन झालं, कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. साहेबांचं म्हणणं, भीमराजनी आधीच एका हिरव्या टॅगवर सही करून ठेवावी. फीत कापली की लाइन धडाधड चालू, पाहुणे खूश. भीमराज म्हणाले, आधी बघायचं, मग सही. फीत कापली, पहिला पार्ट निघाला आणि ते तो मापत बसले. प्रमुख पाहुणे बावीस मिनिटं हातात कात्री घेऊन उभे होते, कारण कात्री परत घेणारा माणूसही मापं बघायला गेला होता. पुढची दोन वर्षं भीमराजना गंजलेला माल मोजायच्या शेडमध्ये पाठवलं.

पहिला मसुदा त्यांनी पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचला आणि पिवळा टॅग लावला. शेरा : ‘मी हसलो असे लिहिले आहे. हसलो नव्हतो. दुरुस्ती.’

दुसऱ्यालाही पिवळा. ‘भीती कुठे आहे? दुरुस्ती.’

मिनलला तो शेरा कळेना. एवढ्या साहेबलोकांसमोर ताठ बसलेला माणूस तिनं स्वतः पाहिला होता; तोच तिनं लिहिला होता.

“तुम्हाला भीती वाटली होती?” तिनं विचारलं.

“पाय कापत होते,” पप्पा म्हणाले. “म्हणून तर बसून मापलं.”

तिसरा मसुदा द्यायचा होता दिवाळीनंतर. त्याआधी पप्पांच्या पोटाचं ऑपरेशन निघालं. चार दिवसांत घरी, असं सगळे म्हणत होते. नवव्या दिवशी त्यांना घरी आणलं ते अॅम्ब्युलन्समधून, सायरन न वाजवता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गल्ली भरली होती. वंदना झाली, जेवणं झाली, खुर्च्या गोळा झाल्या, तरी नवाबचाचा बसून राहिले. ते प्रेस शॉपमध्ये भीमराजच्याच लाइनवर होते. आता डांगे चौकाजवळ त्यांचं गॅरेज आहे. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक टॅग काढून मिनलच्या हातात दिला. हिरवा. वरचे सगळे रकाने कोरे आणि खाली पप्पांची सही.

“ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिला,” चाचा म्हणाले. “पोरीचा तिसरा यायचाय, मी वेळेत नाही आलो तर लाव म्हणाला. मी म्हटलं, भीमराज, न बघता? तर बेटा, त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.”

मम्मीनं, कस्तुराबाईंनी, टॅग उलटसुलट करून पाहिला. त्या म्हणाल्या, लाव आणि मोकळी हो. माणसानं जन्मात एकदा घरच्यांसाठी खोटं करावं, त्यांनी केलं. आता ते वाया घालवू नको.

मिनल आधी परीक्षा विभागात गेली. तिथले क्लार्क आबाजी यांनी नियम काढून दाखवला. वाचक बदलता येईल, फक्त आधीच्या वाचकाचं ना-हरकत पत्र हवं. वाचक वारलेत, मिनल म्हणाली. मग मृत्यूचा दाखला लागेल, आबाजी म्हणाले, आणि सोबत ना-हरकत. ती कुणाची, असं तिनं विचारलं.

“त्यांचीच की,” आबाजी म्हणाले. “नाहीतर मयताची हरकत नाही हे कॉलेजला कळणार कसं?”

यात त्यांचा काही दोष नव्हता. ते आदल्याच वर्षी एका मयताला हजेरी कमी भरल्याची नोटीस पाठवून बसले होते आणि तेव्हापासून फार जपून होते.

इंद्रायणी मॅडमनी तिला स्टाफरूमच्या बाहेर घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की सही असली म्हणजे झालं, कुणी काही विचारणार नाही. एवढं बोलून त्या चष्मा काढून पुसत उभ्या राहिल्या. मिनलला त्यांच्याकडे बघवेना.

घरी येऊन ती पप्पांच्या टेबलाशी बसली. तिसरा मसुदा लिहायला घेतला. या वेळी लेखात पप्पांचे पाय कापले. कात्री धरलेल्या पाहुण्यांच्या समोर एक माणूस खुर्ची ओढून बसला, कारण उभं राहवत नव्हतं, आणि मापं घेताना पट्टी त्याच्या हातात हलत होती म्हणून त्यानं तीनदा घेतली. बावीस मिनिटं त्यात गेली. लेख पहिल्यांदाच बरोबर बसत होता. शेवटी तिनं लिहिलं, ‘माझ्या वडिलांनी आयुष्यात न बघता सही केली नाही.’

शेजारी टॅग पडला होता.

तो टॅग लावला तर हे वाक्य खोटं. वाक्य खोडलं तर बावीस मिनिटं कशासाठी, हे कुणाला कळणार नाही. तिनं वाक्य तसंच ठेवलं. मग त्याच्याखाली लिहिलं, ‘एकदा केली. माझ्यासाठी. तेव्हाही त्यांचे पाय कापले असतील, पण ते आधीच दवाखान्याच्या खाटेवर आडवे होते, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.’

टॅग तिनं त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवला. तीन मसुदे, त्यांतले दोन पिवळ्या टॅगांचे आणि एक नुसताच, तिनं टाचणी लावून आबाजींच्या हातात दिले. वर अर्ज होता. आबाजींनी तो वाचला, परत वाचला, आणि त्यावर आवक क्रमांक टाकला, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं.

*प्रति,*
*मा. प्रमुख, परीक्षा विभाग.*

*विषय : प्रथम वाचकास एका पाळीपुरती हजेरी मंजूर करणेबाबत.*

*महोदय,*
*उपरोक्त विषयान्वये विनंती, की माझे प्रथम वाचक श्री. भीमराज हे ऑपरेशननंतर परत आलेले नाहीत. नियमानुसार मला वाचक बदलता येत नाही, व बदलायचाही नाही. त्यांनी माझा तिसरा मसुदा पाहिलेला नाही. न पाहता केलेली सही त्यांच्या स्वतःच्या नियमात बसत नाही, सबब ती जोडलेली नाही. तरी त्यांना कोणत्याही एका पाळीसाठी टेबलापर्यंत येऊ द्यावे. खुर्चीची व्यवस्था मी करीन. मापे घेण्यास त्यांना वेळ लागतो, तरी घाई करू नये.*

*टॅग हिरवाच मिळावा, असा माझा आग्रह नाही.*