नेलीच्या वाफ्याची गळकी झारी

मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, वाकड्या नाकाची आणि बुडातून गळणारी. हसू नका, मित्रांनो! माझी गोष्ट त्या गळण्यापाशीच येऊन थांबते, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

भोरच्या बाजारात रखमाजी नावाचा कारागीर रॉकेलच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून वस्तू करत असे. त्यानं मला ठोकून-ठाकून घडवलं आणि नाकावर बारीक भोकांची टोपी बसवली. "हिच्यातनं पानी न्हाई, दंव पडंल दंव!" असं तो गिऱ्हाइकांना सांगे. मला काय, ते ऐकून गर्वच चढला होता.

धरणाजवळच्या बंगल्यात एक गोरा साहेब राहत होता. त्याच्या मडमेनं मला विकत घेतलं, ते आपल्या पाच वर्षांच्या लेकीसाठी, नेलीसाठी. नेलीला विलायतेहून आजीनं फुलांचं बी पाठवलं होतं. रानटी पॅन्सीचं. राजगिऱ्याहून किंचित मोठे, मधाच्या रंगाचे दाणे. नेलीनं ते स्वतः पेरलं. चाळलेली माती, वर चिमूटभर बी, त्यावर ओलं गोणपाट. दोन आठवड्यांनी कोंब आले, तेव्हा ती पोर मला कवटाळून नाचली. माझं थंड पाणी तिच्या झग्यावर सांडलं आणि आम्ही दोघींनी मडमेची बोलणी खाल्ली.

थंडी सरता सरता फुलं आली. नखाएवढी. वरच्या दोन पाकळ्या जांभळ्या, मधल्या पांढुरक्या, खालची पिवळी आणि तिच्यावर काळ्या मिशा. बागेत काम करणारी साळूबाई बघून म्हणाली, "आगं बया! ही तर मांजरांची तोंडं!" तेव्हापासून त्या बंगल्यात त्यांना मांजरतोंड्याच म्हणू लागले. मडमसुद्धा.

त्याच वर्षी पावसाळ्यात नेली तापानं गेली. बागेच्या कोपऱ्यात, जांभळीखाली तिला पुरलं. मडमेनं नेलीच्या फुलांचं बी राखलं होतं, ते दिवाळीनंतर तिथंच पेरलं. पुढच्या वर्षी त्या फुलांचं बी. असं चार वर्षं चाललं. पाणी घालायचं काम माझं, आणि मला उचलायचं साळूबाईचं. तिचंही एक लेकरू गोवरानं गेलेलं होतं. त्या दोघी वाफ्याशी बसून तण काढत.

पाचव्या उन्हाळ्याच्या तोंडाशी साहेबाची बदली सिंधकडे झाली. जायच्या आधी दोघींनी शेवटचं बी गोळा केलं. त्याचीही एक गंमत असते बरं का! कच्ची बोंडं खाली मान घालून असतात. पिकली की मान वर करतात, आणि लगेच तीन फाकी होऊन दाणे टिकटिक करत लांब उडवतात. त्या दिवशी मी वाफ्याच्या कडेला होते आणि एक बोंड नेमकं माझ्यावरच फुटलं. चार दाणे पोटात पडले आणि नाकाच्या मुळाशी चिखलात चिकटले. कुणाला कळलं नाही. मला कळलं, पण मी सांगणार कशी?

मडमेनं पुरचुंडी साळूबाईच्या हातात दिली. "हे नेलीचं बी. दुसरं नाही. कोरडं ठेव, गार ठेव. दिवाळीनंतर पेर. मी एकदा येईन बघायला."

साळूबाईनं पुरचुंडी कपाळाला लावली. "जिवापाड संबाळते, बाईसायेब. तुमी घोर करू नगा."

आणि मित्रांनो, तिनं जिवापाडच सांभाळलं. तिथंच तर सगळं बिघडलं.

मला अवजारांच्या खोलीत दगडी भिंतीवरच्या खुंटीला टांगलं होतं. तिथं गारवा असे. श्रावणात साळूबाई नवऱ्याबरोबर, गेनबाबरोबर, खुरपं न्यायला आली. बाहेर पाऊस कोसळत होता. गेनबानं विचारलं, "मडमंचं बियानं कुठं ठिवलंस? समदीकडं बुरशी धरलीया."

"चुलीवर टांगलंय, आढ्याला. आपल्या मक्याच्या कणसांशेजारी."

"झ्याक केलंस. धुरात किडा लागत न्हाई."

अगं साळूबाई, काय केलंस हे! मका धुरात टिकतो, भोपळ्याचं बी टिकतं, तुझ्या आजीपासून सगळ्यांचं टिकत आलं. पण ते थंड मुलखाचं बी गं! मडम "गार" म्हणाली होती. तूही ऐकलं होतंस. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात गार जागा म्हणजे ओली जागा, आणि कोरडी जागा एकच, ती चुलीवरची. घरातली सगळ्यात मानाची जागा तू त्या बियाला दिलीस. पावसाळ्याचे चारही महिने ते धगीत भाजत राहिलं, आणि मी खुंटीला लटकून नुसती तळमळत होते. पत्र्याला जीभ असती तर मी ओरडून बंगला डोक्यावर घेतला असता.

दिवाळी झाली. साळूबाईनं माती चाळली, बी पेरलं, गोणपाट टाकलं. मग मला विहिरीवर नेऊन भरलं आणि वाकवलं, तर नाकातला चिखल टोपीत येऊन तुंबला, पाणी येईना. तिनं माझी टोपी काढली, बाभळीच्या काट्यानं आतला चिखल उकरला आणि टोपी दगडावर आपटली. "कसली घाण साठलीया मेली!" त्या घाणीतच ते चार दाणे होते. विहिरीच्या कठड्याच्या फटीत पडले. कोंबडीनं येऊन तिथं चोच मारली, तेव्हा माझा जीव नुसता थरथरला. एक दाणा खोल राहिला, म्हणून वाचला.

वाफ्यात काहीच उगवलं नाही. पंधरा दिवस झाले, महिना झाला. साळूबाई रोज गोणपाट उचलून बघे, आणि पुन्हा पाणी घाली. मीही मेलेल्या दाण्यांवर रखमाजीचं दंव पाडत राहिले. त्यातच माझ्या बुडाच्या सांध्याचा डाख निघाला. भरून कठड्यावर ठेवलं की थेंब थेंब गळे. "तू बी अशीच निघालीस व्हय!" म्हणून साळूबाई माझ्यावर करवादली. पण ते थेंब त्या फटीत जात होते, आणि फटीत दोन हिरवी पानं आली होती. साळूबाईला ते तणच वाटलं.

पौषात निरोप आला. मडम कायमची विलायतेला निघाली होती. त्याआधी एक दिवस येणार होती. साळूबाई आता दिवसातून चारदा गोणपाट उचलू लागली.

मडम आली त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे कठड्यावर होते, आणि माझ्या अंगाला टेकून ते एकुलतं एक फूल उमललं होतं. जांभळं, पांढरं, पिवळं. वाफा तिथून वीस पावलांवर. मडम उघड्या मातीकडे बघत उभी राहिली. साळूबाई तिच्या पायाशी बसली.

"चुकलं माझं, बाईसायेब. चुलीवर टांगलं म्या. लई जपलं, पर जपन्यातच मारलं."

मडमेनं तिला उठवलं. तिनं ओंजळभर ती मोकळी मातीच रुमालात बांधली.

मी काय करू? वाऱ्यानं पडावं, खडखड वाजावं, कुणी वळून बघावं, एवढंच मागत होते. वारा आलाच नाही. मडम जाऊन बसली आणि मोटार सुरू झाली.

धूळ खाली बसल्यावर साळूबाई मला घ्यायला आली. तिचा हात माझ्या कडीवरच थांबला; शेजारचं फूल तिला दिसलं होतं. "आगं माझे आई!" म्हणत ती तशीच भोरच्या रस्त्यानं धावत सुटली. "बाईसायेब, थांबा वं! थांबा!" खूप वेळानं ती पाय ओढत परत आली आणि माझ्याशेजारी बसून ढसाढसा रडली.

त्या एका झाडाचं बी तिनं राखलं. चुलीवर नाही, पुरचुंडीत बांधून माझ्या कोरड्या पोटात, खुंटीवर. माझं भोक तिनं कधी बुजवू दिलं नाही. नेलीच्या वाफ्यात दर थंडीत मांजरतोंड्या येऊ लागल्या. मडम मात्र पुन्हा आली नाही.

मित्रांनो, कुणी आपली ठेव तुमच्या हातात दिली, तर ती कशी जपायची ते त्यालाच दोनदा विचारा. नुसत्या मायेवर विसंबू नका. आणि थंडीत कधी त्या बाजूला आलात, तर जांभळीखाली जरा थांबून ती फुलं बघा. जिनं बघायची होती, तिला मी हाक मारू शकले नाही.