रखमाजींची संमती

अनिताने बर्फाची पेटी ओट्यावर टेकवली आणि खांद्याचा पट्टा सोडवला. लोकलमधून बेगडेवाडीला उतरल्यावर रिक्षासाठी पाऊण तास उभं राहावं लागलं होतं. इंदुरीच्या या घरी ती दीड वर्षाने येत होती.

तेव्हा रखमाजींनी हसत रक्त दिलं होतं. त्यांच्यासारखा बावीस वर्षांचा मधुमेह मेंदूचं काय करतो, ते पुण्याच्या प्रयोगशाळेला शोधायचं होतं. त्यांच्या रक्तातल्या पेशींपासून मेंदूच्या ऊतीचे मसुराएवढे गोळे वाढवले गेले. अनिता दिवसाआड, रविवारीही, त्यांचं पोषकद्रव्य बदलायची. आठ महिने ते जगले. मग बुरशी शिरली. राखीव पेशीही वाचल्या नाहीत. आता सगळं पहिल्यापासून, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना नमुना आजच हवा होता.

गोळे गेल्याचं ऐकून रखमाजींच्या पत्नी अंबूबाईंनी विचारलं, त्या गोळ्यांना खायला काय घालायचीस. साखरेचं पाणी, अनिताने सांगितलं. काहींना बेताचं, काहींना जास्त.

"हितं मी यांच्या चहात साखर पडू देत न्हाई, आन् तू तितं पाजत व्हतीस."

"नुकसान कसं होतं तेच बघायचं होतं, मावशी."

रखमाजींनी संमतीचा कागद मांडीवर घेऊन पेन मागितलं. सहीआधी एक प्रश्न विचारायचा नियम होता: या रक्ताचं आम्ही काय करणार, ते तुमच्या शब्दांत सांगा.

"गोळं करणार," रखमाजी म्हणाले. "मंग माझ्या डोक्यात बसवणार. समदं परत ध्यानात ऱ्हाईल."

अनिताने पुन्हा समजावलं. डोक्यात काही बसवत नाहीत. तुम्हाला याचा उपयोग नाही, झाला तर पुढच्या लोकांना. त्यांनी मान डोलावली. तिने परत विचारलं. उत्तर तेच आलं, तितक्याच विश्वासाने.

"घे गं रक्त," अंबूबाई हलकेच म्हणाल्या. "तेवढीच आशा त्यास्नी."

रखमाजींनी बाही वर सारून हात पुढे केला होता. अनिताने बाही मनगटापर्यंत ओढली, गुंडी लावली आणि कागद पिशवीत ठेवला.

निघताना सरांचा फोन आला. त्यांना आता उमगत नाही हे खरं सांगितलं, तर उद्या त्यांच्याऐवजी अंबूबाईंच्या सहीसाठी दुसरा कागद येईल, हे तिला ठाऊक होतं.

"नमुना नाही मिळाला, सर," ती म्हणाली. "त्यांनी नकार दिला."