छतावरचा सौरबंब

स्टोव्ह पेटवायच्या आधी प्रेमिला पदर कमरेला दोनदा खोचायची. दिवाळीच्या आधी आंघोळीचं पाणी तापवताना स्टोव्हचा भडका उडाला होता आणि तिच्या पदराने पेट घेतला होता. सासू, भीमाबाई, जवळच होत्या म्हणून ती वाचली. त्यांनी अंगावर वाकळ टाकली आणि राहिलेली आग उघड्या हातांनी विझवली. तेव्हापासून भीमाबाईंच्या उजव्या तळव्याची कातडी आवळून गेली होती, मूठ पुरती उघडत नव्हती.

"काहून वं, काड्या मोडून राहिल्या तुह्या हातून?" सासू विचारायच्या.

"थंडी हाय ना, आत्याबाई," प्रेमिला सांगायची आणि काडी ओढायची.

नागपूरलगतच्या वाडीला, अमरावती रोडच्या आत त्यांचं घर होतं. नवरा आनंदराव एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात हिशेबाला होता. पुढच्या दोन खोल्या जुन्या, भक्कम. मागची खोली नंतर काढलेली, तिचं दार अंगणाच्या बाजूला होतं. ती बांधताना पैसे संपत आले होते, म्हणून ठेकेदाराने दारावर वेगळी तुळई न टाकता स्लॅब थेट चौकटीवर टेकवला होता. त्या खोलीत भीमाबाई झोपायच्या. त्यांचे गुडघे सुजलेले असायचे आणि हिवाळ्यात गरम पाण्याशिवाय ते वाकत नसत.

१९८६ सालच्या त्या हिवाळ्यात आनंदरावच्या डोक्यात सौरबंब शिरला. गोदामात एकाने सांगितलं होतं की छतावर काळ्या पेट्या ठेवायच्या, त्यांच्यावर काच, आणि नागपूरचं ऊन फुकटात पाणी तापवून देतं. वर सरकारची सूटही मिळते. पुढच्या रविवारी बंब बसवून देणारा मारोतराव घरी आला. चहा पिता पिता त्याने किंमत सांगितली. सूट धरूनही ती आनंदरावच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती.

"यात सगळं आलं?" प्रेमिलाने दाराआडून विचारलं.

"पेट्या आल्या, गरम पाण्याची टाकी आली, पाइप आले," मारोतराव म्हणाला. "आता बंबाले पाणी उंचावरून लागते. त्यासाठी थंड पाण्याची वेगळी टाकी आणि तिच्याखाली विटांचा ओटा, ते तुमच्याकडं."

मग तो शिडीने वर चढला. पुढच्या छतावर दिवसभर ऊन होतं आणि नहाणी मागच्या खोलीच्या बाजूला होती. पेट्या पुढच्या छतावर आणि टाक्या मागच्या छतावर, असं त्याने ठरवलं. खाली उतरून हात झटकत तो म्हणाला, "दोन्ही टाक्या भिंतीवर घ्यायच्या तर लोखंडी गर्डर टाकावे लागतीन. तो खर्च अलग."

आनंदरावचा चेहरा उतरला. "आन् मधात ठेवल्या तर?"

"ठेवतात लोक."

"काही होत नाई ना?" प्रेमिलाने विचारलं.

"आतापर्यंत तर कोणाचं काही झालं नाई, बाई."

गर्डरचा विषय तिथेच संपला. ओटा छताच्या मधोमध बांधला गेला. त्याच्यावर थंड पाण्याची लोखंडी टाकी चढली, शेजारी बंबाची टाकी बसली. पहिल्या दिवशी नहाणीतल्या नळाला वाफाळतं पाणी आलं तेव्हा भीमाबाई बराच वेळ गुडघ्यांवर पाणी घेत बसल्या. प्रेमिलाने स्टोव्ह फडताळावर ठेवून दिला. कितीतरी दिवसांनी ती सकाळी न घाबरता उठली.

हे सुख थोडेच दिवस टिकलं. एका सकाळी सासूच्या अंथरुणावर तिला पांढरी भुकटी दिसली. तिने वर पाहिलं. टाक्यांच्या बरोबर खाली, चुन्यात केसाएवढी एक रेघ उमटली होती.

"नवीन वजन आलं की प्लॅस्टर तडकते," आनंदरावने सांगितलं. त्याने स्टुलावर चढून रेघेत सिमेंट भरलं आणि वरून चुना ओढला.

प्रेमिलाला चुन्याखालीही ती रेघ दिसत राहायची. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ती काही ना काही निमित्त काढून मागच्या खोलीत डोकावून यायची. "आत्याबाई, पुढं झोपाल का काही दिवस?" तिने एकदा विचारलं. भीमाबाईंनी ऐकलं नाही. पुढच्या खोलीत ऊन येत नाही, आणि इथल्या भिंतीवरचा बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो उठल्याबरोबर समोर दिसायला हवा, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीतली गोष्ट. आनंदराव कामावर गेला होता. दुपारी प्रेमिला अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गार वारा होता म्हणून भीमाबाई आतून दार लावून पडल्या होत्या. अचानक अडकित्त्यात जाड सुपारी फुटावी तसा आवाज झाला. प्रेमिलाचे हात थांबले. पुन्हा आवाज झाला, या वेळी लांबलेला.

ती दाराकडे धावली. "आत्याबाई! दार उघडा!"

आत कडी वाजली. दार हललं नाही.

"कडी तं काढली वं! दार येऊनच नाई राहिलं!"

प्रेमिलाने खांदा लावून ढकललं. दार भिंतीत चिणल्यासारखं झालं होतं. तिने वर पाहिलं. चौकटीचं वरचं लाकूड मधे वाकलं होतं. स्लॅब त्याच्यावर बसत चालला होता.

"काय पडून राहिलं वं वरून? डोळ्यात माती जाऊन राहिली." आतून खोकला ऐकू आला.

"आत्याबाई, मधात थांबू नका! खिडकीजवळ जा. भिंतीले चिकटून बसा. मी येतो."

ती गल्लीत धावली आणि शेजारच्या रुपरावच्या नावाने ओरडली. रुपराव ट्रक चालवायचा. त्या दिवशी त्याचा ट्रक घरासमोरच उभा होता आणि तो त्याच्याखाली निजून काहीतरी आवळत होता. तो तसाच ग्रीसच्या हातांनी आला. दार पाहिलं, मग मागे सरकून छताकडे पाहिलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"वहिनी, टाक्या भरून हायत का?"

"पहाटेच भरल्या."

"पाणी सोडावं लागते. मी चढलो असतो, पण माहं वजन पाहून घ्या. तुमी चढा. मी खिडकीचे गज फाकवतो, ट्रकचा जॅक हाय." तो जाता जाता वळला. "मधात पाय टाकू नका. भिंतीच्या वरून, कडेकडेनं जा."

प्रेमिलाने शिडीला हात घातला. ती वर चढली. पुढच्या छतावर पेट्यांच्या काचा उन्हाने लखलखत होत्या. त्यांच्या पलीकडे मागचं छत होतं आणि ते तिने आजवर पाहिलं होतं तसं नव्हतं. मधोमध ताटलीसारखा खोलगटपणा आला होता. त्याच्या बुडाशी ओटा कलला होता आणि टाकी तिच्याकडे झुकून उभी होती.

ती कठड्याला धरून खाली बसली. आता पुढे जायचं, असं मनाने सांगितलं, पण अंग ऐकेना. हात कठड्यावरून सुटेना. आपण पाय टाकला आणि छत आत गेलं तर? आपण तर मरूच, पण खाली आत्याबाईंच्या अंगावर पडू. तिच्या तोंडातून हुंदका बाहेर पडला. खालून जॅकचा कर्र कर्र आवाज येत होता, आणि मधूनच सासूचा खोकला.

तो खोकला ऐकून ती पुढे सरकली. पोटावर आडवी झाली आणि भिंतीच्या रेषेवरून सरपटत निघाली. ओट्याच्या समोर आल्यावर पाय कठड्यात रोवून तिने हात लांबवला. टाकीच्या बुडाचा नळ बोटांना लागला. तो फिरेना. तिने पदर गुंडाळून पुन्हा जोर लावला, तेव्हा पाणी सुटलं आणि नळाला जोडलेल्या पाइपातून भिंतीबाहेर धो धो खाली पडू लागलं.

दुसरी टाकी बंबाची. त्याच पाइपाला जोडलेला तिचा खालचा नळ आणखी आत होता. तिला कंबरेपर्यंत अंग त्या खोलगट भागावर न्यावं लागलं. तिच्या छातीखाली छत हललं. जनावराने कातडी थरथरवावी तसं हललं. तिने डोळे मिटले आणि नळ फिरवला. सकाळपासून तापलेल्या पाण्याचा फवारा सांध्यातून उडून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत आला. ती किंचाळली, पण नळ पुरता उघडेपर्यंत तिने हात काढला नाही.

कडेला परत आल्यावर तिला खालून काहीच ऐकू येईना. जॅकही थांबला होता.

"आत्याबाई!"

तिने कठड्यावरून वाकून पुन्हा हाक मारली.

"आत्याबाई! बोला ना वं!"

छताच्या पोटात कुठेतरी पुन्हा सुपारी फुटली. प्रेमिलाला उठता येईना, ओरडता येईना. गेल्या, असंच तिला वाटलं.

"बाहेर हाय माय!" गल्लीतून रुपरावचा आवाज आला. "वहिनी, उतरा लवकर!"

ती कशी उतरली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. गल्लीत भीमाबाई चुन्याने पांढऱ्याफटक होऊन रुपरावच्या खांद्याला टेकल्या होत्या. गजातून काढताना त्यांचा खांदा खरचटला होता. त्यांनी प्रेमिलाचा भाजलेला हात पाहिला आणि तिला जवळ ओढून घट्ट धरून ठेवलं.

ऊन कलायच्या आत छताचा मधला तुकडा खाली आला. विटा, ओटा आणि रिकाम्या टाक्या सगळं भीमाबाईंच्या खाटेवर पडलं. खाटेचे पाय चारी बाजूंना फाकले होते. कोणीतरी आनंदरावला गोदामातून बोलावून आणलं होतं. तो अंगणात उभा राहून त्या खाटेकडे बघत राहिला.

"टाक्या मधात ठेवल्या तर, म्हणलो मी," तो म्हणाला. "माय, मी म्हणलो."

"मीबी तं दाराआड उभी होतो," प्रेमिला म्हणाली. "पुसलं, आन् चूप राहिलो."

भीमाबाई दोघांवरही रागावल्या नाहीत. पण त्या रात्रीपासून त्या पुढच्या खोलीत निजू लागल्या, आणि निजण्याआधी छताकडे एकदा बघून घ्यायच्या.

मारोतराव दोन दिवसांनी आला. पडलेलं छत पाहून त्याच्या कपाळावर घाम आला. पेट्या शाबूत होत्या, बंबाची टाकी चेपली होती, पण गळत नव्हती. त्याने कसली मजुरी न घेता सगळं खाली उतरवलं. भिंतीला धरून जमिनीपासून ओटे बांधले आणि अंगणातच, जिथे दिवसभर ऊन असायचं तिथे, बंब उभा केला. मागच्या खोलीवर टिनाचे पत्रे आले. त्या साली घरात दुसरं काही नवीन आलं नाही.

गरम पाणी पुन्हा सुरू झालं. प्रेमिलाच्या हातावरचे फोड सुकले, डाग राहिला. भीती मात्र गेली नाही. कोणाच्याही घरी गेली तरी ती बसायच्या आधी वर बघायची.

उन्हाळा लागता लागता मागच्या गल्लीतल्या सिंधूताई अंगणात आल्या. बंबाभोवती फिरून त्यांनी पेटीच्या काचेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"आमीबी लावतो म्हणून राहिलो पुढच्या हिवाळ्याले," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं अंगण नाई, छतावरच लावा लागते. कितीले पडला वं तुमाले?"

प्रेमिलाने हात पुसले. ती म्हणाली, "चला, तुमचं छत दाखवा आधी."

दोघी सिंधूताईंच्या घरी गेल्या. खोलीत बाळ झोळीत झोपलं होतं, पंखा फिरत होता. प्रेमिला उंबरठ्यावर थांबली आणि तिने मान वर केली. छत स्वच्छ होतं, कुठे रेघ नव्हती. तरी तिने पाऊल आत टाकलं नाही.

"या ना आत," सिंधूताई म्हणाल्या.

"तुमी त्या लेकराले बाहेर घ्या," प्रेमिला म्हणाली. "मंग सांगतो, काय काय लागते ते."