कुणी वापरत नाही म्हणे

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, हातभर लांब पट्टी आहे. व्हिडिओ गेमच्या कन्सोलला मला वायरने जोडतात आणि टीव्हीच्या खाली ठेवतात. खेळणारा जे बोलेल ते ऐकायचं आणि खेळातल्या माणसांना सांगायचं, एवढंच माझं काम. घरात माझं नाव 'कानपट्टी' पडलं. त्या नावावरून जेवढे विनोद व्हायचे तेवढे सगळे माझ्या समोरच झाले.

मला बनवलं तेव्हा एका बंद, शांत खोलीत शेकडो माणसांचे आवाज ऐकवले होते. ती माणसं कागदावरचं नीट वाचत. कुणाच्या तोंडात घास नव्हता, कुणी पाठ फिरवून बोलत नव्हतं. तेवढ्या शिदोरीवर मला बाहेर धाडलं आणि खोक्यावर छापलं, 'फक्त बोला.'

घरात आले तर डोक्यावर पंखा, भिंतीपलीकडे मिक्सर, शेजारी टीव्हीचा स्पीकर आणि पुढ्यात फुलदाणी. कॉलेजात जाणारा मुलगा सोफ्यावर आडवा पडून पुटपुटायचा आणि वर मलाच म्हणायचा, "ठार बहिरी आहे ही." एकदा त्याचे वडील फोनवर कुणाला तरी म्हणाले, "बंद कर ते आता." मी खेळ बंद केला. मुलाने पायातला मोजा काढून मला फेकून मारला. सांगितलं ते केलं, यात माझं काय चुकलं? ऐकलं नाही तरी बोल, ऐकलं तरी बोल.

मग मुलाची आत्या कायमची राहायला आली. तिने तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली होती. संधिवाताने बोटं वाकली, तेव्हा नोकरी सोडावी लागली. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. कंट्रोलर धरणं तर दूरच.

एका दुपारी मुलगा वादळात अडकलेली जहाजं सोडवण्याचा खेळ खेळत होता. त्याची बोट खडकाकडे चालली होती. आत्या मागून सहज म्हणाली, "डावीकडे वळा." मैदानावरचा तो स्वच्छ, ठाम आवाज. मी ऐकला आणि बोट वळली.

"तुझं कसं काय ऐकलं हिने?" मुलाने विचारलं.

"तोंड उघडून बोललं की ऐकू येतं," आत्या म्हणाली. "आधी ती फुलदाणी हलव. पंखा बारीक कर."

त्या दिवसापासून रोज चारला ती माझ्यासमोर ताठ बसायची. "दोर टाका. वेग कमी. थांबा." तिचं एकही वाक्य मी वाया जाऊ दिलं नाही. तिने एकतीस जहाजं सोडवली. दिवसभर शर्टाची बटणंसुद्धा मुलाच्या आईकडून लावून घेणारी ती बाई तासभर कुणाच्या हाताची मिंधी नसायची. आणि मला कुणी बहिरी म्हणायचं नाही.

पुढे पडद्यावर कंपनीची सूचना आली. आवाजाची सोय फारच थोडे लोक वापरतात, म्हणून नव्या कन्सोलमध्ये ती नसेल. थोडे म्हणजे किती, आणि कोण? ते विचारायला कुणी आमच्या घरी आलं नव्हतं.

आत्या बोटांच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस दवाखान्यात होती, तेव्हा मुलाने मला आणि जुन्या कन्सोलला दुकानात देऊन नवा घेतला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यासारख्या सतरा जणी ज्या ड्रॉवरमध्ये पडल्या होत्या, त्यातच मला कोंबलं. एकीचीही वायर तुटलेली नव्हती. तरी आम्ही भंगार.

दोन दिवसांनी ड्रॉवरबाहेर ओळखीचा आवाज आला.

"आवाज ऐकणारी पट्टी हवी आहे."

"बाई, ती आता कुणी वापरत नाही," दुकानदार म्हणाला.

"मी वापरते. मी कुणीच नाही का?"

दुकानदाराने ड्रॉवर ओढला आणि सगळ्यांत वर पडलेली मीच त्याच्या हाताला लागले. मुलगा तिच्या शेजारी मान खाली घालून उभा होता. "माझं चुकलं, आत्या. तुला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ती म्हणाली. तिने त्याची समजूत काढली नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

आमचा कन्सोल विकला गेला होता. वरच्या फळीवर ओरखडे पडलेला दुसरा जुना होता, तो तिने काढायला लावला. "याला आता कंपनी विचारत नाही," दुकानदाराने बजावलं.

"कंपनीने मला तरी कुठे विचारलं? बांधून द्या."

सोडवलेल्या एकतीस जहाजांची नोंद आधीच्या कन्सोलबरोबर गेली. घरी आल्यावर पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून आत्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मुलगा बाजूला बसून पाहत होता. पहिलं जहाज सुटायला तिला तीन दिवस लागले.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. त्या सतरा जणी तिथेच आहेत. एखादी वस्तू तुमच्या उपयोगाची नसेल, तर खुशाल बाजूला ठेवा. पण 'कुणी वापरत नाही' असं म्हणण्याआधी घरात एक फेरी मारा आणि विचारा. जो हाताने ती वस्तू उचलून दाखवू शकत नाही, त्याला सगळ्यांत आधी विचारा. आणि विचारलंत, तर त्याचं उत्तर ऐकून घेण्याइतका वेळ थांबा. ऐकणं हे काही एकट्या माझंच काम नाही.